उदरातील जीव आणि आपले दार

शास्त्रपाठ : उत्पत्ती १६:१–१४, स्तोत्र १३९:१३–१६, योहान ८:१–११



ज्या विषयावर आम्ही आज लिहीत आहोत, तो आपल्या व्यासपीठावरून सहसा ऐकू येत नाही. दारूविषयी, हुंड्याविषयी, दशमांशाविषयी आपण उपदेश ऐकतो. गर्भपाताचे नाव निघाले की पुरुष घसा साफ करतात आणि भगिनी पदर सावरून खाली पाहू लागतात. परंतु जे घराघरांत घडते ते उपासनेत बोलायचेच नाही असे ठरवले, तर आपला विश्वास रविवारच्या कपड्यांसारखा होईल : सकाळी घातला आणि दुपारी घडी करून पेटीत ठेवला.

हा विषय आमच्यापुढे आणला तो एका मुसलमान शेजाऱ्यांनी. बेळगावात आम्ही राहतो त्या गल्लीत मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच नळावर ऐकू येतात. तेथे शिवणकाम करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणते. त्यांच्या सुनेला दोन लेकरे. तिसऱ्या खेपेला तिसरा महिना चालू असताना डॉक्टरांनी सांगितले की, हिच्या हृदयाची झडप खराब आहे; दिवस पुरे होऊ दिले तर हिच्या जिवाला मोठा धोका आहे. चाचा आणि त्यांचा मुलगा मशिदीच्या मौलानांकडे गेले. मौलानांनी विचारले : किती दिवस झाले? एकाच डॉक्टरचे मत आहे की दुसऱ्यालाही दाखवले? आणि सूनबाई स्वतः काय म्हणते? सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी डॉक्टरांचा सल्ला मानण्यास सांगितले.

आम्ही समाचाराला गेलो तेव्हा घरात सुतक असावे तशी शांतता होती. चाचा म्हणाले, "भाऊ, मौलाना म्हणाले की आई म्हणजे मूळ, पोटातलं बाळ म्हणजे फांदी. मूळच गेलं तर फांदी कशावर धरायची? पण भाऊ, फांदी तोडली तरी हात थरथरतोच की." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुमच्या किताबात याविषयी काय आहे?"

आमच्या भिंतीवर धर्मशिक्षणाची पदविका चौकटीत लावलेली आहे. तरी त्या वेळी आम्हांला चार वाक्ये धड सांगता आली नाहीत. त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

१. पवित्र शास्त्र काय शिकवते?

पवित्र शास्त्रात गर्भपाताविषयी सरळ आज्ञा नाही, हे प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु गर्भाविषयी पुष्कळ आहे. १३९व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की, आईच्या उदरात देवानेच आपली घडण केली आणि आपला देह अजून आकाराला आला नव्हता तेव्हाही देवाचे नेत्र आपल्यावर होते. यिर्मयाला देव सांगतो की, तुला उदरात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो. लूकच्या पहिल्या अध्यायात मरीयेचा आवाज कानी पडताच अलीशिबेच्या उदरातील बाळ आनंदाने उसळते. आणि आपला प्रभू जगात आला तो आकाशातून उतरलेल्या प्रौढ पुरुषासारखा नव्हे, तर एका गरीब मुलीच्या उदरातून आला. नऊ महिने जगाचा तारणारा गर्भच होता. ख्रिस्ती मनुष्याला गर्भाचा मान राखण्यास याहून मोठे कारण कोणते?

निर्गम २१:२२–२५ हा उतारा मात्र काळजीपूर्वक वाचावा. भांडणात गरोदर स्त्रीला मार लागून गर्भ पडला आणि दुसरी हानी झाली नाही तर दंड घ्यावा. हानी झाली तर जिवाबद्दल जीव. ही हानी आईची की बाळाची, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर पूर्ण आकार आलेला गर्भ आणि आकार न आलेला गर्भ असा भेद केलेला आहे. म्हणून कोणी एकच वचन पुढे करून सर्व प्रश्न मिटला असे म्हणू लागला, तर सावध असावे.

२. मंडळीच्या इतिहासात

रोमी साम्राज्यात नको असलेली मुले उकिरड्यावर टाकण्याची रीत होती. त्या जगात आद्य मंडळी वेगळी उठून दिसली. ‘दिदाखे’ या अगदी जुन्या ख्रिस्ती शिक्षणग्रंथात गर्भ पाडणे आणि जन्मलेले मूल मारणे ही दोन्ही निषिद्ध ठरवली आहेत. सुमारे १९७ साली तर्तुल्यनाने लिहिले की, जो पुढे मनुष्य होणार तो आताच मनुष्य आहे.

तरीही आपल्या पूर्वजांनीही दिवस मोजले आहेत. ऑगस्टीनने आकार आलेल्या व न आलेल्या गर्भात भेद केला. मध्ययुगात थॉमस अक्वायनस यानेही गर्भात विचारशील आत्मा काही काळानंतर येतो असे मानले. रोमन कॅथॉलिक मंडळीने शिक्षेपुरता हा भेद १८६९ साली काढून टाकला आणि गर्भधारणेपासूनच पूर्ण संरक्षण ही तिची आजची शिकवण आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकवाक्यता नाही. कॅल्विनाने निर्गमच्या याच उताऱ्यावर लिहिताना गर्भहत्येला फार कठोर शब्दांत दोष दिला. अँग्लिकन बिशपांच्या १९३० च्या लँबेथ परिषदेने गर्भपाताविषयी तीव्र तिटकारा नोंदवला. पुढे आईचा जीव, बलात्कार, असाध्य व्यंग अशा प्रसंगी काही मंडळ्यांनी सवलत मानली, काहींनी मानली नाही.

एक गोष्ट शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी. ३१४ साली अंकुरा येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंकारा येथे, बिशपांची सभा भरली. पूर्वीच्या नियमाप्रमाणे गर्भ पाडणाऱ्या स्त्रीला मरणघटकेपर्यंत प्रभुभोजनाची बंदी असे. सभेने ती मुदत १० वर्षांवर आणली. आज आपल्याला १० वर्षेही फार वाटतील. परंतु दिशा पाहा. पाप हे पापच म्हटले, आणि तरी बंद असलेले दार किलकिले केले.

३. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांची शिकवण

मुसलमान लोक याविषयी काय मानतात, हे आपण बहुधा ऐकीव गोष्टींवरून ठरवतो. चाचांच्या प्रश्नानंतर आम्ही ते समजून घेण्याचा यत्न केला.

कुराणाच्या १७व्या अध्यायात (३१वी आयत) दारिद्र्याच्या भीतीने आपली लेकरे मारू नका, त्यांना आणि तुम्हांला अन्न देणारा देवच आहे, अशी शिकवण आहे. ८१व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाईल की, तुला कोणत्या अपराधासाठी मारले. २३व्या अध्यायात गर्भाच्या घडणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : थेंब, रक्ताची गाठ, मांसाचा गोळा, हाडे, त्यांवर मांस आणि मग एक नवीच निर्मिती. बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत अशी शिकवण आहे की, ४०-४० दिवसांच्या तीन पायऱ्यांनंतर देवदूत येऊन गर्भात रूह फुंकतो. म्हणजे १२० दिवस. आपल्या हिशेबाने सुमारे १७ आठवडे.

या १२० दिवसांनंतर आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात निषिद्ध, याविषयी त्यांच्या चारही मुख्य पंथांचे धर्मशास्त्री एकमत आहेत. त्यापूर्वीच्या काळाविषयी मतभेद आहेत. आपल्या देशातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत आणि त्या पंथातील पुष्कळ जुन्या शास्त्र्यांनी सबळ कारण असल्यास परवानगी दिली. अंगावर पिणारे मूल असताना आईचे दूध आटेल आणि बापाला दाई ठेवण्याची ऐपत नाही, हे अशा कारणाचे त्यांच्या ग्रंथांतील नेहमीचे उदाहरण आहे. मालिकी पंथातील बहुतेकांनी मात्र आरंभापासूनच मनाई केली. इमाम गझाली यांनी लिहिले की, हा अपराध पहिल्या पायरीपासूनच आहे आणि गर्भ वाढेल तसा तो वाढत जातो. १९९० साली मक्केतील धर्मशास्त्र परिषदेने, गर्भात गंभीर व असाध्य व्यंग असल्याचे विश्वासू डॉक्टरांच्या समितीने ठरवले तर १२० दिवसांच्या आत परवानगी देता येईल, असा निर्णय दिला.

आणखी एक हदीस आमच्या मनाला लागली. व्यभिचाराची कबुली देणारी एक गरोदर स्त्री पैगंबरांकडे आली तेव्हा त्यांनी तिला बाळंत होईपर्यंत, आणि मग मूल अन्न खाऊ लागेपर्यंत, परत पाठवले. तिच्या शेवटाची शिक्षा आपल्याला मान्य होण्यासारखी नाही. परंतु आईच्या दोषाची शिक्षा उदरातील जिवाला नाही, हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे.

४. जुळते कोठे, वेगळे कोठे?

जीव देवाचा आहे, आईबापांच्या मालकीचा नव्हे. गरिबी हे जीव घेण्याचे कारण नव्हे. मुलगी म्हणून गर्भ पाडणे हे घोर पाप आहे. आणि आईचा जीवही देवाला मोलाचा आहे. या चार गोष्टींत दोन्ही घरे जवळ उभी आहेत. भेद मुख्यतः दिवसांच्या हिशेबात आहे. ते विचारतात, रूह केव्हा आली? आपण दाविदाबरोबर म्हणतो, आकार येण्यापूर्वीही देवाची दृष्टी होती. म्हणून आमच्या समजुतीने कोणताही दिवस असा नाही की ज्या दिवशी गर्भ ही नगण्य वस्तू आहे. तथापि दिवस मोजतात म्हणून शेजाऱ्याला हलके लेखू नका. आपल्याही पूर्वजांनी ते मोजले आहेत.

मुलींच्या बाबतीत थोडे सांगितले पाहिजे. मिसर देशात फारोने मुलगे मारण्याचा हुकूम दिला तेव्हा शिप्रा व पुवा या सुइणींनी देवाचे भय धरून तो मोडला. आपल्या देशात मुलींविरुद्ध हुकूम कोणी काढला नाही, तरी तो पाळला जातो. ० ते ६ वयोगटात दर १००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४५ मुली होत्या, २००१ साली ९२७. त्याच २००१ च्या गणनेत मुसलमानांत ९५०, तर ख्रिस्ती लोकांत ९६४ होत्या. हा आकडा वाचून छाती फुगवू नका. तिसरी मुलगी झाल्यावर आपल्या घरांतही पेढ्यांचा पुडा लहान होतोच. गर्भाचे लिंग तपासण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याला मात्र बंदी सीनायपासूनच आहे.

५. आमची कबुली

आता जे लिहायचे ते लिहिताना लेखणी जड होते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच शब्बाथ शाळेत वाढलेली एक मुलगी, वय १९, अडचणीत सापडली. आम्हांला ते ठाऊक नव्हते. त्या महिन्यात थोरल्या मुलींच्या वर्गात आम्ही पापाच्या वेतनावर पाठ घेत होतो. शेजारच्या गावातील कोणाची तरी गोष्ट कानावर आली होती. ती सांगताना आम्ही आवेशाने बोललो की, असली मुलगी साऱ्या मंडळीच्या तोंडाला काळे फासते. ही मुलगी शेवटच्या बाकावर बसली होती. पुढे दोन आठवड्यांनी तिने परगावी जाऊन कोणाकडून तरी गोळ्या घेतल्या आणि रक्तस्रावाने मरणाच्या दारी गेली. इस्पितळातील लोकांनी तिचा जीव वाचवला. बाळ गेले.

मग गोष्ट फुटली. पंचांनी तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. आम्हीही त्या बैठकीत होतो. ज्या तरुणाचा या प्रकरणात हात होता, त्याला कोणी काही विचारले नाही. तो गायनमंडळात दुसरा सूर गात राहिला. सहा महिन्यांनी ती मुलगी आमच्या घरी आली. आमच्या पत्नीने तिला चहा दिला. ती म्हणाली, "काका, मी तुमच्याकडेच येणार होते. त्या रविवारी वर्गात तुमचं ऐकलं आणि तशीच घरी गेले."

बंधुभगिनींनो, विचार करा. चाचांचे कुटुंब अडचणीत आले तेव्हा ते आपल्या मौलानांकडे गेले आणि त्यांनी आधी ऐकून घेतले. आमची मुलगी अडचणीत आली तेव्हा आमच्या दारापर्यंत येऊन परत गेली. आमची शिकवण चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. गर्भातील जीव पवित्र आहे, असे आम्ही तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. परंतु ज्या शब्दांनी आम्ही पवित्रता राखू पाहत होतो, त्याच शब्दांनी त्या जिवाचा शेवटचा आश्रय बंद केला.

जर्मनीतील पाळक डीट्रिख बोनहॉफर, ज्यांना नाझी राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिले, त्यांनी नीतिशास्त्रावरील आपल्या लिखाणात गर्भहत्येला मनुष्यहत्याच म्हटले आहे. परंतु त्यांनी हेही नोंदवले की, जेथे स्त्री घोर विपत्तीत निराश होऊन हे करते, तेथे दोष पुष्कळदा तिच्यापेक्षा समाजाकडे अधिक जातो. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

योहानाच्या ८व्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूपुढे आणले. एकटीलाच आणले. पुरुष कोठे होता? १८८१ साली सुरतेत एका तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर ताशेरे झडले, तेव्हा ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या आपल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात पुरुषांना त्यांचा दोष दाखवला. तो प्रश्न आमच्या पंचांच्या बैठकीत कोणी विचारला नाही. आम्हीही नाही.

६. रानातली हागार

हागार ही परकी दासी. मालकिणीच्या सांगण्यावरून तिला दिवस राहिले आणि मग त्याच घरात तिचा छळ झाला. ती पोटात लेकरू घेऊन रानात पळाली. तेथे एका झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला गाठतो. त्याने पहिली गोष्ट कोणती केली? दोष दिला नाही. नावाने हाक मारली आणि विचारले की, तू आलीस कोठून आणि चाललीस कोठे. बापुडीला कोणी तरी विचारले! तिने देवाला नाव दिले, पाहणारा देव. आणि त्या विहिरीलाही त्यावरूनच नाव पडले.

मुसलमान लोकही बीबी हाजरेला मानतात. हजला गेलेले यात्रेकरू सफा आणि मर्वा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात, त्या तान्ह्या बाळासाठी पाणी शोधीत धावलेल्या तिच्याच आठवणीने. दोन्ही घरांना ठाऊक असलेली ही आई आहे. तिच्या गोष्टीवरून आपण काय शिकावे? उदरातील जीव वाचवायचा तर त्या जिवाच्या आईला प्रथम पाहिले पाहिजे. पाणी दोघांनाही लागते.

आपल्या मराठी मुलखात हे कोणी केले? १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे, हा त्याचा हेतू. अशाच एका आईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची सेवा केली. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी ‘कृपासदन’ काढले, ते समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीच. त्यांनी उपदेश केलाच, पण आधी खाट टाकली, पेज शिजवली.

७. आपण काय करावे?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, वर्गात कोण कोणते ओझे घेऊन बसले आहे हे आपल्याला दिसत नाही, हे धरूनच बोला. पाप शिकवा, पण त्याच तासात परत येण्याची वाटही दाखवा. आणि मुलग्यांच्या वर्गात हा पाठ मुलींच्या आधी घ्या.

पंचांनो, एकट्या स्त्रीला पुढे बोलावून निर्णय देऊ नका.

महिला मंडळातील भगिनींनो, मंडळीत अशा दोन प्रौढ भगिनी असाव्यात की ज्यांच्याकडे कोणतीही मुलगी रात्रीही जाऊ शकेल आणि गोष्ट बाहेर जाणार नाही. त्यांना कायद्याची माहिती असावी. १९७१ च्या कायद्याने व त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या व काही विशेष प्रसंगी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. आईचा जीव तत्काळ वाचवण्यासाठी मुदतीची अट नाही. कायद्याने परवानगी दिली म्हणून प्रत्येक गोष्ट देवाला मान्य असते असे नव्हे. परंतु आपल्या लाजेपायी कोणी भोंदूच्या हाती मरू नये. ज्या आईला मूल जन्माला घालायचे आहे पण वाढवता येत नाही, तिला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल कल्याण समितीकडे मूल रीतसर सोपवता येते आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. हे किती जणींना ठाऊक आहे?

आणि चाचांसारख्या घरी जाल तेव्हा वाद घालायला जाऊ नका. त्यांच्या दुःखात बसा. त्यांनी आमच्या किताबाविषयी विचारले होते. पुढच्या भेटीत आम्ही त्यांना १३९वे स्तोत्र समजावून सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते छोटंसं होतं तेव्हाही मालिक बघत होता." आम्ही म्हणालो, "होय चाचा, आणि सूनबाईंनाही बघत होता."

त्या मुलीचे लग्न झाले; ती आता दुसऱ्या गावी असते. ती गावी आली असता एका रविवारी आम्ही पंचांसमक्ष तिची क्षमा मागितली आणि ती पुन्हा प्रभूच्या मेजाशी बसली. उशीर झाला होता. उशीर झाला तरी दार उघडावेच लागते, कारण ते दार आपले नाही, प्रभूचे आहे.

प्रार्थना : हे पाहणाऱ्या देवा, उदरात घडणाऱ्या प्रत्येक जिवाला तू ओळखतोस आणि रानात पळणाऱ्या प्रत्येक हागारेलाही. आमच्या जिभेने जी दारे बंद झाली त्यांबद्दल आम्हांला क्षमा कर. आमच्या मंडळीला झऱ्यापाशी उभे राहून विचारपूस करणारी कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.